मेंदूच्या धर्तीवर चव ओळखणारी इलेक्ट्रॉनिक जीभ कशी बांधावी

इलेक्ट्रॉनिक जीभ बांधायला निघालेला विद्यार्थी बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो संवेदकाचा: खारटासाठी कोणता घ्यावा, आंबटासाठी कोणता, कडूसाठी कोणता? हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण माझ्या मते तो चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. या क्षेत्रातील उत्तम कामांचा अभ्यास केल्यास एक गोष्ट वारंवार दिसते, ती अशी की संवेदक अचूक आणि निवडक असण्यापेक्षा त्यांचे प्रतिसाद एकमेकांवर थोडे आच्छादलेले असणे, त्या प्रतिसादांचा काळानुसार होणारा बदल जपला जाणे, आणि त्यामागे शिकणारी, जुळवून घेणारी व विसरणारी यंत्रणा असणे, यांवरच चवीची ओळख उभी राहते. पुढील मार्गदर्शन याच समजुतीवर आधारलेले आहे. अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञान शाखेच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्याला साध्या प्रयोगशाळेत, चार धातू-कार्बनच्या इलेक्ट्रोडांपासून आणि एका मायक्रोकंट्रोलरपासून (छोट्या संगणक-चिपपासून), खारट, आंबट आणि कडू द्रावणे ओळखणारी लहान प्रणाली उभी करता यावी, एवढा या मार्गदर्शनाचा आवाका आहे.

आधी खरी जीभ काय करते हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण नक्कल कशाची करायची हे त्यावरून ठरते. एका रुचिकलिकेत, म्हणजे जिभेवरील चव ओळखणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात, साधारण ५० ते १०० पेशी असतात. गोड, कडू आणि उमामी (मांसरसासारखी चव) या चवींचे रेणू पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिनांना चिकटतात. माणसात कडू चवीसाठीच अशी सुमारे २५ प्रकारची प्रथिने आहेत. आंबट आणि खारट यांचा मार्ग वेगळा आहे, तेथे हायड्रोजन आणि सोडियमचे आयन वाहिन्यांतून थेट पेशीत शिरतात. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू असा जो नकाशा अनेक जुन्या पाठ्यपुस्तकांत छापलेला असे, तो चुकीचा आहे. सर्व मूलभूत चवी जिभेच्या सर्व रुचिकलिकायुक्त भागांत जाणवतात. तिखटपणा तर या यादीतच बसत नाही, कारण मिरचीतील कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते. जिभेतून तीन चेतामार्गांनी निघालेले संदेश मेंदूच्या खोडात, तेथून थॅलॅमसमध्ये आणि पुढे इन्सुला नावाच्या भागात पोहोचतात. हे संदेश विद्युत स्पंदांच्या रूपात असतात. चव सुरू होताच स्पंद दाट होतात आणि तीच चव टिकून राहिली तर ते विरळ होत जातात. आपल्या यंत्रात हीच गोष्ट आणायची आहे.

या वाटेवर आधी कोण गेले, हेही माहीत असावे. जपानमधील क्युशू विद्यापीठातील कियोशी टोको यांनी १९९० च्या सुमारास मेद आणि पॉलिमर यांच्या पातळ पडद्यांचा बहुवाहिनी चवसंवेदक तयार केला. त्यांची मोजण्याची पद्धत इतकी विचारपूर्वक आहे की आपण ती पुढे जवळजवळ जशीच्या तशी वापरणार आहोत. भारतात कोलकात्यातील सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी चहाची प्रत पारखण्यासाठी इलेक्ट्रॉनिक जिभेवर काम केले आहे. या यंत्रांत संवेदकांची वाचने घेऊन संगणकावर सांख्यिकी विश्लेषण केले जाते. मेंदूची प्रेरणा त्यात नंतर आली. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने २०२३ मध्ये ग्राफिनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचे, संवेदक आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे स्मृतियुक्त ट्रान्झिस्टर जोडून भूक आणि खाण्याची इच्छा या दोन्हींची नक्कल करणारे मंडल दाखवले. त्याच गटाने २०२४ मध्ये ग्राफिनच्या आयनसंवेदी ट्रान्झिस्टरांनी पाणी मिसळलेले दूध, वेगवेगळी शीतपेये, कॉफीचे प्रकार आणि फळांच्या रसाचा ताजेपणा ओळखून दाखवला. त्या कामात संशोधकांनी स्वतः निवडलेल्या २० मापदंडांवर प्रणालीची अचूकता ८० टक्क्यांच्या वर गेली, पण कृत्रिम चेताजालाला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याला, कच्ची वाचने देऊन काय महत्त्वाचे ते त्यालाच ठरवू दिले तेव्हा ती ९५ टक्क्यांच्या वर गेली. संवेदकाच्या परिपूर्णतेचा हट्ट का धरू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चीनमधील संशोधकांनी २०२५ मध्ये ग्राफिन ऑक्साइडच्या पडद्यांत आयनांना कोंडून त्यांचा वेग सुमारे ५०० पटींपर्यंत मंदावला, आणि त्यामुळे चवीची ‘आठवण’ सुमारे १४० सेकंद टिकणारे, द्रवातच काम करणारे उपकरण तयार झाले. या कामाचा तपशील बारकाईने पाहावा. मूलभूत चवींच्या ओळखीत अचूकता ७२.५ ते ८७.५ टक्के होती, तर कॉफी आणि कोलासारख्या संमिश्र पेयांत ती ९६ टक्क्यांपर्यंत पोहोचली. संमिश्र पेयांची विद्युत-छाप अधिक वैशिष्ट्यपूर्ण असते, हे त्याचे कारण. शिवाय गोड चवीसाठी तेथे साखर नव्हे तर लेड ॲसिटेट वापरले होते. साखर पाण्यात आयन सोडत नाही, म्हणून आयनांवर चालणाऱ्या उपकरणाला ती सहज कळत नाही. लेड ॲसिटेट गोड आहे आणि आयनही सोडते, पण ते शिशाचे विष आहे. आपल्या प्रयोगात त्याला मुळीच हात लावू नये.

इलेक्ट्रोड

चार संवेदी इलेक्ट्रोड घ्या: तांब्याची जाड तार, जस्ताची पट्टी, स्टेनलेस स्टीलची सळई आणि ग्राफाइट, म्हणजे चित्रकलेच्या पेन्सिलीतील जाड शिसे. जस्ताची पट्टी शालेय प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून घ्यावी. जुने सेल फोडून जस्त काढण्याच्या फंदात पडू नये. यांपैकी एकही पदार्थ एकाच चवीला निवडून प्रतिसाद देत नाही. तांबे क्लोराइडमुळे बदलते, जस्त आम्लामुळे आणि विरघळलेल्या प्राणवायूमुळेही बदलते, स्टीलवरचा ऑक्साइडचा थर आपल्या पद्धतीने वागतो, आणि ग्राफाइट द्रावणातील ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या स्थितीला प्रतिसाद देते. चौघांचे बदल एकत्र वाचले की प्रत्येक द्रावणाची निराळी ठेवण दिसू लागते.

प्रत्येकाचे खालचे २ सेंटिमीटर उघडे ठेवून वरचा भाग हीट-श्रिंक नळीने झाका. स्टीलला आणि ग्राफाइटला साधा सोल्डर धरत नाही, म्हणून स्टीलला मगरचिमटा लावा आणि ग्राफाइटवर तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळून त्यावर हीट-श्रिंक चढवा. कोणताही जोड द्रवात बुडता कामा नये, नाहीतर आपण सोल्डरचीच चव मोजत बसू. रुंद तोंडाच्या प्लास्टिक बरणीच्या झाकणाला साधारण १ सेंटिमीटर अंतरावर पाच भोके पाडून चारही इलेक्ट्रोड समान खोलीवर पक्के बसवा.

पाचवे भोक संदर्भ इलेक्ट्रोडसाठी आहे, आणि सर्वाधिक काळजी त्याचीच घ्यायची आहे, कारण बाकी चौघांची वाचने त्याच्याच तुलनेत घेतली जातात. सराफाकडून शुद्ध चांदीची तार घ्या. दागिन्यांच्या ९२५ चांदीत सहसा तांबे मिसळलेले असते, ती चालणार नाही. तार पॉलिश पेपरने घासून घरगुती ब्लीचच्या द्रावणात अर्धा तास ठेवली की तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा करडा-जांभळट थर येतो. हे काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून आणि सायट्रिक ॲसिड टेबलावर येण्यापूर्वी उरकावे, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो.

ही तार नमुन्यात उघडी बुडवण्याचा मोह होतो, कारण ते सोपे असते. तसे करू नये. सिल्व्हर क्लोराइडचा विभव, म्हणजे विद्युत दाब, क्लोराइडच्या प्रमाणावर अवलंबून असतो; क्लोराइड दहापट वाढले की २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकतो. म्हणजे मिठाच्या द्रावणात स्वतः संदर्भच हलेल आणि चारही वाहिन्यांत खोटा बदल दिसेल. यावर उपाय क्षारसेतूचा. १०० मिलिलिटर पाणी उकळून त्यात ३ ग्रॅम अगर, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात मिळणारे चायना ग्रास, पूर्ण विरघळवा आणि मग २२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घाला. हे गरम मिश्रण प्लास्टिकच्या ड्रॉपरमध्ये खेचून घ्या, त्यात चांदीची तार वरून खोचा आणि थंड होऊ द्या. जेल गोठले की ड्रॉपरचे अरुंद टोक नमुन्यात बुडते, आणि तार मात्र कायम त्याच तीव्रतेच्या क्लोराइडमध्ये राहते. वापर नसताना हे टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवावे. जेल वाळले की ते पुन्हा करावे लागते.

मंडल

इलेक्ट्रोडांमधून प्रवाह ओढला की त्यांचा विभव बदलतो, म्हणून वाचन घेणाऱ्या मंडलाचा निवेश रोध (इनपुट रेझिस्टन्स) फार मोठा हवा. एमसीपी६००४ या चिपमध्ये चार ऑप-ॲम्प (संकेतवर्धक) असतात आणि त्यांचा निवेश प्रवाह पिकोअँपिअरच्या घरात असतो; प्रत्येक इलेक्ट्रोडला एक ऑप-ॲम्प अनुगामी म्हणून जोडा, म्हणजे त्याचे निर्गम (आउटपुट) टोक थेट ऋण निवेशाला जोडलेले असेल. प्रत्येक निर्गमापुढे १० किलोओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅरॅडचा धारित्र यांची गाळणी लावली की साधारण १६ हर्ट्झच्या वरचे हेलकावे दबतात आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बरीच कमी होते.

जस्ताचा विभव संदर्भाच्या तुलनेत सुमारे १ व्होल्ट ऋण असतो, आणि आपले मापक यंत्र ऋण दाब वाचू शकत नाही. म्हणून संदर्भ इलेक्ट्रोड शून्याला न जोडता मधोमध उचलून धरायचा. दोन १० किलोओहमचे रोधक ३.३ व्होल्ट आणि जमीन यांच्यात जोडून मधल्या बिंदूवर १.६५ व्होल्ट घ्या, तो एमसीपी६००२ मधील एका ऑप-ॲम्पमधून पुढे नेऊन संदर्भ इलेक्ट्रोडला द्या. आता जस्त सुमारे ०.६५ व्होल्टवर दिसेल आणि सर्व वाचने धन राहतील.

वाचनासाठी एडीएस१११५ हे १६ बिटचे, चार वाहिन्यांचे मॉड्यूल वापरा. अर्डुइनो उनोमधील अंगभूत मापक १० बिटचे असून ५ व्होल्टवर त्याची एक पायरी जवळजवळ ४.९ मिलिव्होल्टची असते. आपल्याला त्याहून लहान बदल पाहायचे आहेत. एडीएस१११५ वर ४.०९६ व्होल्टची श्रेणी निवडली की एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची होते. मायक्रोकंट्रोलर म्हणून ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ सोयीचा आहे. दर २० मिलिसेकंदांनी चारही वाहिन्यांचे वाचन घेऊन ते लॅपटॉपकडे पाठवायचे आणि फाइलमध्ये साठवायचे, एवढेच काम त्याला सुरुवातीला द्या. मोजमाप चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा.

इलेक्ट्रोड जोडण्यापूर्वी चारही निवेश १.६५ व्होल्टच्या बिंदूला जोडून पाहा. चारही वाचने त्या मूल्याच्या काही मिलिव्होल्टच्या आत आणि स्थिर हवीत. ती तशी नसतील तर दोष मंडलात आहे, आणि तो येथेच शोधावा. द्रावणे आल्यावर रसायनशास्त्राचा आणि जोडणीचा दोष वेगळा करणे फार अवघड जाते.

द्रावणे आणि मोजण्याचा क्रम

टोको यांच्या पद्धतीत लाळेच्या जागी एक संदर्भ द्रावण असते: ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ०.३ मिलिमोलर टार्टारिक ॲसिड. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात २.२४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घाला. टार्टारिक ॲसिड फक्त ०.०४५ ग्रॅम लागते आणि साध्या तराजूवर ते मोजता येत नाही, म्हणून ०.४५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर वापरा. हे संदर्भ द्रावण भरपूर करून ठेवा, कारण इलेक्ट्रोड धुण्यासाठीही तेच लागते.

नमुने याच द्रावणात विरघळवावेत. प्रत्येकी २५० मिलिलिटरसाठी खारट नमुन्यात ४.४ ग्रॅम मीठ, आंबटात ०.५३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, कडूत ३.१ ग्रॅम एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि गोडात २५.७ ग्रॅम साखर घ्या. साखरेच्या नमुन्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तो नुसत्या संदर्भ द्रावणासारखाच दिसण्याची शक्यता मोठी आहे. तरीही तो ठेवावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्या यंत्राला काय कळत नाही हे मोजून दाखवणे हा प्रयोगाचा भाग आहे. इलेक्ट्रोड बुडलेले कोणतेही द्रावण नंतर चाखू नये, त्यात तांबे आणि जस्त उतरलेले असते. चाखायचेच असेल तर वेगळ्या भांड्यात खाण्यायोग्य पदार्थांनी केलेले द्रावण वापरावे.

एका मोजमापाचा क्रम असा ठेवा. इलेक्ट्रोड ६० सेकंद संदर्भ द्रावणात राहतील. त्यातील शेवटच्या १० सेकंदांची सरासरी हा त्या मोजमापाचा पाया. मग ते ३० सेकंद नमुन्यात जातील. त्यानंतर दोन वेगळ्या भांड्यांत प्रत्येकी ३ सेकंद झटपट धुऊन ते पुन्हा ३० सेकंद नव्या संदर्भ द्रावणात येतील. नमुन्यातील वाचन आणि पाया यांतील फरक ही मुख्य चव. शेवटच्या टप्प्यातील वाचन आणि पाया यांतील फरक म्हणजे इलेक्ट्रोडवर चिकटून राहिलेल्या पदार्थाची खूण. टोको यांच्या पद्धतीत याच फरकावरून मागे रेंगाळणारी चव मोजली जाते. टप्पा बदलताना इलेक्ट्रोड हवेत असतात तेव्हा आकडे सैरभैर होतात, म्हणून प्रत्येक टप्प्याचा पहिला सेकंद सोडून द्यावा.

प्रत्येक सत्राच्या आरंभी तांबे आणि जस्त बारीक पॉलिश पेपरने सारख्याच जोराने घासून घ्यावे आणि संदर्भ द्रावणात अर्धा तास स्थिरावू द्यावे. सर्व द्रावणे एकाच तापमानाला असावीत. फ्रीजमधून काढलेला नमुना आणि टेबलावरचे संदर्भ द्रावण यांच्यातील फरकात तापमानाचा वाटा किती आणि चवीचा किती, हे नंतर सांगता येत नाही.

न्यूरॉन

आता यंत्राचा मेंदूसारखा भाग. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आलेले ‘गळके संकलक’ न्यूरॉन, म्हणजे चेतापेशींची साधी गणिती प्रारूपे, आपल्याला पुरेसे आहेत. अशा न्यूरॉनची कल्पना तळाला बारीक भोक असलेल्या घड्यासारखी करता येईल: पाणी सतत ओतले जाते, थोडे सतत गळते, आणि पातळी खुणेपर्यंत आली की घडा एकदम रिकामा होतो. ते रिकामे होणे म्हणजे स्पंद.

गणित साधे आहे. दर २० मिलिसेकंदांच्या पायरीला न्यूरॉनची पातळी निवेशाच्या दिशेने उरलेल्या अंतराचा एक दशांश भाग सरकते. हे २०० मिलिसेकंदांच्या कालांकाबरोबर, म्हणजे पातळी किती झटपट बदलते हे सांगणाऱ्या मापाबरोबर, जुळते. पातळी १ या उंबरठ्यापर्यंत पोहोचली की स्पंद नोंदवायचा आणि पातळी शून्य करायची. निवेश १ पेक्षा कमी असेल तर स्पंद कधीच येत नाही. निवेश १.२ असेल तर १८ पायऱ्यांनी, १.५ असेल तर ११ पायऱ्यांनी आणि ३ असेल तर अवघ्या ४ पायऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ या वेगाने स्पंद येतात. आपला कार्यक्रम हे आकडे देतो की नाही, हे प्रत्यक्ष नमुन्यांआधी ठरावीक निवेश देऊन तपासावे.

प्रत्येक वाहिनीला दोन न्यूरॉन द्या, विभव वाढल्यावर जागा होणारा एक आणि घटल्यावर जागा होणारा दुसरा. म्हणजे चार इलेक्ट्रोडांचे आठ न्यूरॉन होतात. मिलिव्होल्टमधील फरकाला अशा संख्येने भागा की त्या वाहिनीत प्रशिक्षणाच्या नमुन्यांत दिसलेला सर्वांत मोठा बदल ३ या निवेशाइतका होईल. हा भाजक फक्त प्रशिक्षणाच्या सत्रांवरून ठरवावा, चाचणीच्या सत्रांकडे पाहून ठरवू नये.

एवढे केल्यावर न्यूरॉन काम करू लागतात, पण ते जुळवून घेत नाहीत. नमुना कितीही वेळ ठेवला तरी एकाच वेगाने स्पंद देत राहतात. खरी चेतातंत्रे असे करत नाहीत. म्हणून प्रत्येक स्पंदानंतर उंबरठा ०.१ ने वाढवा, आणि दर पायरीला त्या वाढीचा दोनशेवा भाग कमी करत ती ओसरू द्या. निवेश ३ असताना सुरुवातीला सेकंदाला १२ च्या आसपास असलेला वेग काही सेकंदांत ३ च्या जवळ येऊन स्थिरावतो. या एका बदलामुळे यंत्राचा स्वभावच पालटतो. जस्ताचा विभव मिनिटागणिक हळूहळू सरकत असेल तर जुळवून घेणारा न्यूरॉन त्याला फारसा भुलत नाही, आणि नमुना बदलताच येणारा झपाट्याचा बदल मात्र तो ठळकपणे कळवतो.

ज्यांना हे प्रत्यक्ष मंडलात पाहायचे आहे त्यांनी एका वाहिनीसाठी तरी ते करावे. १०० किलोओहम आणि २ मायक्रोफॅरॅड यांचा कालांक २०० मिलिसेकंद होतो; धारित्रावरील दाब एलएम३९३ या तुलनित्राने पाहायचा आणि उंबरठा ओलांडताच छोट्या मॉसफेटने धारित्र रिकामा करायचा. स्पंदाबरोबर लुकलुकणारा एलईडी वर्गात दाखवायला उत्तम आहे. मात्र आठही न्यूरॉन असे बांधण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

शिकवणे आणि प्रामाणिकपणे तपासणे

प्रत्येक मोजमापातून आठही न्यूरॉनांचे स्पंद तीन खिडक्यांत मोजा: नमुन्यातील पहिले ५ सेकंद, नमुन्यातील उरलेला काळ, आणि धुतल्यानंतरचा टप्पा. अशा २४ संख्या मिळतात. प्रत्येकीला प्रशिक्षणात आलेल्या तिच्या कमाल मूल्याने भागा. चार चवींसाठी चार निर्गम न्यूरॉन ठेवा आणि प्रत्येकाला या २४ संख्यांपासून भारांकित बेरीज द्या. सुरुवातीला सर्व भार शून्य असतील. प्रत्येक उदाहरणाला योग्य चवीच्या निर्गमाचे लक्ष्य १ आणि इतरांचे ० धरून, लक्ष्य आणि निर्गम यांतील तफावत गुणिले निवेश गुणिले ०.०५ एवढा बदल त्या भारात करा. अशा काही शे फेऱ्या पुरतात. ज्याची बेरीज सर्वांत मोठी, ती यंत्राने ओळखलेली चव. कार्यक्रमात दोन ओळींत लिहिता येणारा हा नियम आहे. त्याचा मोठा फायदा असा की शिकून झाल्यावर ९६ भार कागदावर मांडून कोणत्या इलेक्ट्रोडने कोणत्या चवीला मत दिले हे डोळ्यांनी पाहता येते. गुंतागुंतीच्या चेताजालाकडे जाण्यापूर्वी हे पाहण्याची सवय लागावी.

एका सत्रात प्रत्येक चवीची ८ म्हणजे एकूण ३२ मोजमापे घ्या. त्याला सुमारे सव्वा तास लागतो. अशी पाच सत्रे वेगवेगळ्या दिवशी करा. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. आधी सगळे खारट, मग सगळे आंबट असे घेतल्यास यंत्र चव न शिकता घड्याळ शिकते, कारण इलेक्ट्रोडची सरकण वेळेबरोबर वाढत असते.

सर्वांत मोठी चूक येथेच होते. सर्व १६० मोजमापे एकत्र मिसळून त्यांतील काही चाचणीसाठी बाजूला काढली, तर प्रत्येक सत्राची काही मोजमापे प्रशिक्षणात आलेली असतात आणि अचूकता भ्रामकपणे चांगली दिसते. त्याऐवजी चार सत्रांवर शिकवा आणि पाचव्या, यंत्राने न पाहिलेल्या सत्रावर तपासा. प्रत्येक सत्राची अशी पाळी लावून पाच निकालांची सरासरी घ्या. हा आकडा पहिल्यापेक्षा खाली येईल, पण उद्या नवा नमुना आला तर काय होईल हे तोच सांगतो. चार चवींत नुसत्या अंदाजाने २५ टक्के उत्तरे बरोबर येतात, हेही अहवालात लिहावे. शेवटच्या चाचणीसाठी सहकाऱ्याने बाटल्यांवर फक्त क्रमांक टाकून द्यावेत आणि उत्तरांची यादी स्वतःजवळ ठेवावी.

निकालाची सारणी करताना केवळ एकूण अचूकता देऊ नका; कोणती चव कोणाशी गोंधळली ते लिहा. साखर कोणत्याच न्यूरॉनला पुरेसे जागे करत नसेल तर गोड नमुन्याला मिळालेली ओळख म्हणजे ‘काहीही जाणवले नाही’ याचेच दुसरे नाव असते, आणि ते तसेच म्हणावे. मिठाचा आणि एप्सम सॉल्टचा गोंधळ होत असेल तर तांब्याचा पृष्ठभाग आधी तपासा, कारण क्लोराइड आणि सल्फेट यांतील फरक दाखवण्याचा मोठा भार त्याच्यावर आहे. चारही वाहिन्या एकदम एकाच दिशेने सारख्याच प्रमाणात सरकत असतील तर दोष संदर्भ इलेक्ट्रोडचा आहे: बहुधा जेलमध्ये बुडबुडा आला आहे किंवा टोक वाळले आहे.

पुढची पायरी

हे स्थिरपणे चालू लागल्यावर भुकेचा प्रयोग करावा, तो फार बोधप्रद आहे. आणखी एक न्यूरॉन घ्या, ज्याची पातळी वेळेबरोबर हळूहळू वाढते आणि ठरावीक नमुना ‘खाल्ला’ की घटते. या पातळीच्या प्रमाणात खारट निर्गमाचा उंबरठा खाली आणा. आता तेच द्रावण, तेच स्पंद, पण भुकेले यंत्र ते स्वीकारते आणि तृप्त यंत्र नाकारते. संवेदकाचे वाचन आणि वागणूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यातून स्पष्टपणे दिसते, आणि पेन स्टेटच्या २०२३ च्या कामाचा गाभाही हाच होता.

खऱ्या पदार्थांत ताकापासून सुरुवात करावी. एकाच दह्याचे ताक करून त्याचे भाग करा, काही फ्रीजमध्ये ठेवा, काही बाहेर ४, ८ आणि १२ तास ठेवा, आणि सर्व पुन्हा एकाच तापमानाला आणून गाळून मोजा. ताक आंबत जाताना त्यात लॅक्टिक ॲसिड वाढते, त्यामुळे येथे आपल्या आयनसंवेदी इलेक्ट्रोडांना खरोखर धरण्यासारखे काही असते. शेजारी पीएच पट्टी किंवा पीएच मीटरने प्रत्येक नमुन्याची स्वतंत्र नोंद ठेवा, म्हणजे यंत्राचे उत्तर कशाशी ताडून पाहायचे ते राहील. ताकातील मेद आणि प्रथिने इलेक्ट्रोडवर चिकटतात, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर धुण्याचा काळ वाढवा आणि धुतल्यानंतरच्या टप्प्यातील वाचन पायाजवळ परत येईपर्यंत पुढचा नमुना घेऊ नका. मीठ घातलेले आणि न घातलेले ताक असे दोन वेगळे संच करा. मिठाने येणारा बदल आंबटपणाच्या बदलाला झाकतो का, हे त्या दोन संचांची सारणी शेजारी ठेवली की समजते. झाकत असेल तर संवेदक बदलण्याआधी पहिल्या ५ सेकंदांच्या खिडकीचे दोन भाग करून पाहा, कारण दोन्ही बदलांचा वेग वेगवेगळा असू शकतो आणि आपल्या न्यूरॉनांना तो फरक मोजता येतो.